गाडी बंद, किल्ली खिशात, तरी रेडिएटरचा फॅन चालूच: वीज नेमकी सोडतंय कोण?

गाडी लावली, किल्ली काढली, दारं लॉक केली, तरी बॉनेटखालची घरघर सुरूच. बऱ्याचदा दोन-चार मिनिटांत फॅन आपोआप थांबतो आणि विषय मिटतो. ज्यांच्या गाडीत तो थांबत नाही, त्यांना दुसऱ्या दिवशी सेल्फ मारल्यावर नुसती टकटक ऐकू येते. मग कुणीतरी रिले, म्हणजे फॅनची वीज जोडणारा छोटा स्विच, बदलून देतं, काही दिवस बरे जातात आणि एका संध्याकाळी पुन्हा तीच घरघर. पुढचं सगळं मुख्यतः या परत परत येणाऱ्या तक्रारीसाठी आहे.

एक गोष्ट आधी पक्की समजून घ्या. फॅनची मोटर स्वतःहून काहीच ठरवत नाही. वीज मिळाली की ती फिरते, एवढंच. त्यामुळे ‘फॅन खराब झालाय’ असं म्हणून तपासाला लागू नका. वीज कुणी सोडली, ते शोधा. सोडणारे मोजकेच आहेत: रिले, काही गाड्यांत रिलेऐवजी फॅनचा कंट्रोल मॉड्यूल, जुन्या गाड्यांत रेडिएटरवर बसवलेला, तापमानानुसार चालू-बंद होणारा थर्मोस्विच आणि रिले-मॉड्यूलला हुकूम देणारा ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक. ईसीयू कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान पाहतो, एसीच्या गॅसचा दाब पाहतो आणि त्यावरून ठरवतो. या साखळीत कुठल्या कडीवर घोटाळा झालाय ते सापडलं, की काम जवळपास झालं.

हा दोषच आहे ना?

इंजिन बंद केलं की पट्ट्यावर चालणारा पाण्याचा पंपही थांबतो. कूलंट जागच्या जागी उभं राहतं, पण ब्लॉक आणि हेडचं लोखंड-अॅल्युमिनियम अजून तापलेलंच असतं. ती उष्णता हळूहळू थांबलेल्या कूलंटमध्ये उतरते आणि बंद केल्यानंतर तापमान काही अंशांनी वर जातं. फॅन साधारण ९५ ते १०० अंशांच्या आसपास सुरू होतो आणि ९० च्या जवळ आला की थांबतो. म्हणजे ९३ वर बंद केलेली गाडी मिनिटभराने ९८ वर पोचू शकते आणि फॅन तेव्हा सुरू होतो. हे अगदी व्यवस्थित आहे. घाटातून किंवा तुंबलेल्या रहदारीतून आलेली टर्बो गाडी फॅन दहा मिनिटं चालवत राहिली, तरी काळजी करू नका. काही गाड्यांत विजेवर चालणारा छोटा जादा पंपही असतो. त्याचा बारीक गुणगुण आवाज फॅनच्या आवाजात मिसळतो.

डिझेल गाडी असेल तर डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, लक्षात घ्या. साठलेली काजळी जाळायला गाडी त्या फिल्टरचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेते. हे जळण चालू असताना तुम्ही गाडी बंद केली, तर बॉनेटखालची धग काढायला फॅन पूर्ण जोरात चालतो. ओळख सोपी आहे: बंद करण्याआधी आयडलिंग नेहमीपेक्षा किंचित वर होतं, करपल्यासारखा गरम वास येतो आणि डॅशबोर्डवरचा तात्कालिक इंधनवापर उगीच वाढलेला दिसतो. कधीतरी झालं तर सोडून द्या. वरचेवर होत असेल, तर गाडीला मोकळ्या रस्त्यावर सलग पळायला मिळत नाही, म्हणून हे जळण दर वेळी अर्धवट तुटतं. इथे रिले बदलून काहीच साधत नाही.

गाडी उभी पण इंजिन चालू असताना एसी लावलेला असेल, तर फॅन चालू-बंद होणारच, कारण कंडेन्सरला (रेडिएटरपुढच्या एसीच्या जाळीला) वारा देणारं दुसरं कुणी नसतं. यात एक गंमत आहे. एसीचं बटण बंद असलं तरी समोरच्या काचेवरचं धुकं घालवायचा मोड लावला, की बऱ्याच गाड्या कॉम्प्रेसर गुपचूप सुरू करतात आणि काहींत एसीचा दिवाही लागत नाही. ‘एसी बंद आहे तरी फॅन चालतो’ अशी तक्रार असेल, तर हवेचा नॉब कुठल्या चित्रावर आहे तेवढं आधी पाहा. विजेवरच्या आणि हायब्रीड गाड्यांत चार्जिंग चालू असताना फॅन फिरतो. तिथे बॅटरीला थंड ठेवायचं असतं.

मग दोष कशाला म्हणायचं? रात्रभर उभी राहून थंड झालेली गाडी आणि फॅन फिरतोय. किंवा किल्ली काढून पाव-अर्धा तास झाला तरी थांबायचं नाव नाही. किंवा थांबलेला फॅन मध्यरात्री आपला आपण सुरू झाला. किंवा थंड इंजिनवर नुसती किल्ली ‘ऑन’ केली आणि त्याच क्षणी फॅन पूर्ण वेगात. यातलं काहीही असेल, तर पुढे वाचा.

आत्ता या क्षणी चालू असेल तर

फॅन त्याच्या आकारानुसार आणि वेगानुसार दहा ते तीस अँपिअर ओढतो. ४५ अँपिअर-तासांच्या चांगल्या बॅटरीतून वीस अँपिअर गेले, तर कागदावर ती सव्वादोन तास टिकते. पण सेल्फ मारायला लागणारा जोर त्याच्या बराच आधी संपतो. म्हणून इंजिन गरम नसेल, तर विचार करत बसू नका. बॉनेटमधल्या फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो. त्यावरून फॅनचा रिले शोधा आणि ओढून काढा. काढताना बारीक ठिणगी दिसू शकते. रिलेने थांबत नसेल, तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. सोडण्याआधी रेडिओला कोड लागतो का तेवढं बघा, आणि खिडक्यांची एका स्पर्शात वर जाण्याची सोय नंतर पुन्हा शिकवावी लागते, हेही ध्यानात असू द्या.

रिले काढला असेल, तर स्टेअरिंगला चिठ्ठी लावा. घरातलं दुसरं कुणी ती गाडी घेऊन रहदारीत शिरलं, तर फॅनविना इंजिन बघता बघता तापतं. गाडी मेकॅनिककडे न्यायची असेल, तर रिले लावून चालवा आणि पोचल्यावर काढा.

आणि हात! बंद दिसणारा फॅन कोणत्याही क्षणी सुरू होऊ शकतो. पात्यांजवळ काम असेल तेव्हा बॅटरी सोडलेलीच हवी. बाही, ओढणी, लटकणारी साखळी, मोबाइलची चार्जिंग वायर, काहीही जवळ नको. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे सांगायला नको, पण तरी सांगतो: बंद यंत्रणेत साधारण एक बार जादा दाब असतो, त्या दाबाखाली पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही आणि झाकण फिरवलं की ते सगळं एकदम वाफ होऊन तोंडावर येतं.

सगळ्यात उपयोगी प्रश्न: किल्ली काढल्यावरही चालतो का?

बहुतेक लोक पहिल्यांदा कूलंट सेन्सर बदलतात, कारण तो लहान असतो आणि सगळीकडे त्याचंच नाव घेतलेलं असतं. पण सेन्सर स्वतः फॅन चालवत नाही. तो ईसीयूला एक आकडा कळवतो. किल्ली काढून काही मिनिटं झाली की ईसीयू झोपतो, आणि झोपलेल्या ईसीयूला कुणी काहीही कळवलं तरी उपयोग नाही. थंड गाडी, किल्ली खिशात, तासभर झाला आणि फॅन फिरतोय, या चित्रात सेन्सरवर संशय घ्यायला फारशी जागाच उरत नाही. तिथे रिलेचे चिकटलेले पॉइंट (आतली वीज जोडणारी टोकं), बॉडीला लागलेली वायर, आतून शॉर्ट झालेला मॉड्यूल, जुन्या गाडीत अडकलेला थर्मोस्विच किंवा ईसीयूला वीज देणारा मेन रिले न सुटल्यामुळे न झोपणारा ईसीयू, एवढेच उमेदवार राहतात.

उलट, किल्ली ‘ऑन’ केली की फॅन सुरू आणि काढली की बंद, असं असेल तर ईसीयू जाणूनबुजून फॅन चालवतोय असं समजा. आता त्याला चुकीची माहिती कोण देतंय, एवढंच शोधायचं.

हा एक फरक नीट पाहिला, तर अर्धे भाग बदलण्याच्या यादीतून आपोआप गळतात. तरी गॅरेजमध्ये तो विचारला जातोच असं नाही. म्हणून गाडी देताना तुम्हीच स्पष्ट सांगा: ‘थंड असताना, किल्ली काढल्यावर, तासभराने’ किंवा ‘फक्त इग्निशन ऑन असताना’. ‘फॅन सारखा चालतो’ या तक्रारीतून समोरच्याला काहीच कळत नाही.

किल्ली काढूनही चालतो: रिलेपासून सुरुवात

रिले म्हणजे लहान विजेने मोठी वीज चालू-बंद करणारा स्विच. आत एक कॉइल आणि एक पत्ती असते. प्रचलित चौकोनी रिलेवर आकडे छापलेले असतात: ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोकं, ३० वर बॅटरीची थेट वीज आणि ८७ वरून फॅनकडे जाणारी. कॉइलला वीज मिळाली की पत्ती खेचली जाते, ३० आणि ८७ जोडले जातात.

फॅन चालू असताना रिले ओढा. फॅन थांबला तर दोनच शक्यता उरतात. पॉइंट आतून चिकटले आहेत, किंवा रिले ठणठणीत आहे आणि त्याच्या कॉइलला कुणीतरी वीज देत बसलंय. दोन्हींतला निवाडा मल्टिमीटर लगेच करतो. हातातल्या रिलेच्या ३० आणि ८७ वर मीटरच्या कांड्या लावा. कॉइल मोकळी असताना इथे जोड दिसायलाच नको. मीटर पीप वाजला, तर पॉइंट वितळून एकमेकांना चिकटलेत. कधी कधी रिलेवर टिचकी मारली की ते सुटतात आणि फॅन थांबतो. मग मालक म्हणतो, आपोआप बरं झालं. तसं काही झालेलं नसतं.

मीटर गप्प राहिला, तर रिले निर्दोष आहे. आता रिकाम्या सॉकेटकडे या. ८५ आणि ८६ च्या भोकांत टेस्ट लॅम्पची दोन टोकं लावा. किल्ली काढलेली असताना दिवा लागला, तर कॉइलला पूर्ण सर्किट मिळतंय. बहुतेक गाड्यांत ईसीयू या कॉइलची अर्थिंगची बाजू जोडतो, म्हणजे कॉइलच्या एका टोकाला वीज आधीपासून असते आणि दुसरं टोक ईसीयूने जमिनीला टेकवलं की रिले ओढतो. ही पातळ वायर कुठे घासून उघडी पडली आणि बॉडीला लागली, तर ईसीयूच्या परवानगीशिवायच रिले ओढला जातो. घासण्याच्या ठरलेल्या जागा आहेत: बॅटरीच्या ट्रेखाली, हेडलाइटच्या मागे आणि जिथे वायरिंगचा जुडगा रेडिएटरच्या चौकटीला टाय लावून बांधलेला असतो तिथे. पुढचा बंपर एकदा उतरवून बसवलेला असेल, तर तिथून सुरुवात करा. दाबून बसलेली वायर बरेचदा तिथेच सापडते.

काही गाड्यांत आधीच्या मालकाने बसवलेला फॅनचा हाताने चालवायचा स्विच किंवा अलार्मसाठी टोचलेली वायर असते. टेप गुंडाळलेला, कंपनीच्या जुडग्यापेक्षा वेगळ्या रंगाचा कुठलाही जोड दिसला, तर आधी तो मोकळा करून बघा.

रिले काढला तरी फॅन फिरतोच, असं झालं तर तुमचा फॅन वेगळ्या रिलेवर आहे (दोन वेगांच्या फॅनला दोन किंवा तीन रिले असतात), किंवा फॅनला मॉड्यूल आहे, किंवा फ्यूज बॉक्समध्येच वीज एका पट्टीवरून दुसरीवर उडी मारतेय. शेवटची शक्यता दूरची वाटते, पण इंजिन प्रेशरच्या पाण्याने धुतल्यावर नेमकी ही तक्रार घेऊन गाड्या येतात. फ्यूज बॉक्स बॉडीवरून सोडवून उलटा केला, की खालच्या बाजूला पाण्याचे डाग दिसतात. तांब्याच्या पिनेभोवती हिरवट-पांढरी पूड साठलेली असते आणि ती ओलसर असेतोवर वीज वाहून नेते. ब्रशने साफ करून, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, पूर्ण वाळवून मगच बसवा. पीन खाऊन पातळ झाली असेल, तर साफसफाईने भागत नाही. बॉक्स बदलावा लागतो.

मॉड्यूलवाल्या गाड्या

अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत फॅन दोन ठरावीक वेगांवर न चालता हवा तितका कमी-जास्त फिरतो. फॅनच्या कवचावरच एक अॅल्युमिनियमची पातळ पात्यांसारखे फिन असलेली डबी बसवलेली असते, तोच मॉड्यूल. त्याला दोन जाड वायरी येतात, बॅटरीची वीज आणि अर्थिंग, आणि एक-दोन पातळ वायरी, ज्यांवरून ईसीयू वेग सांगतो.

इथे एक फसवी चाचणी सगळे करतात. पातळ वायरींचा प्लग काढायचा आणि बघायचं फॅन थांबतो का. अडचण अशी की अनेक मॉड्यूल सिग्नल हरवला की सुरक्षेसाठी स्वतःहून पूर्ण वेगात जातात, कारण इंजिन जळण्यापेक्षा आवाज परवडला. त्यामुळे प्लग काढल्यावर फॅन फिरत राहिला, एवढ्यावरून मॉड्यूल गेला असं म्हणता येत नाही. हाच नियम उलट बाजूने कामाला येतो: फॅन सतत पूर्ण जोरातच असेल, कमी वेग कधी ऐकूच येत नसेल, तर सिग्नलची वायर तुटलेली किंवा तिचा कनेक्टर ओला असण्याची शक्यता मोठी. आधी कनेक्टर उघडून पिना पाहा, मग ईसीयूपर्यंत वायरची कंटिन्युटी (वायर अखंड आहे का) मोजा, आणि ही वायर ठीक असल्याची खात्री झाल्यावरच मॉड्यूलकडे बोट दाखवा. मॉड्यूल खरोखर आतून शॉर्ट असेल, तर गाडी झोपल्यावरही जाड वायरींतून प्रवाह चालू राहतो. डीसी क्लॅम्प मीटर जाड वायरभोवती अडकवला की तो लपत नाही.

जुन्या गाड्यांतला थर्मोस्विच तर अगदी भोळा. थंड इंजिनवर त्याचा प्लग काढा. फॅन थांबला, तर स्विच आतून चिकटलाय. बदला, नवा वॉशर घाला, कूलंट भरा, हवा काढा. संपलं.

फक्त इग्निशन ऑन असताना चालतो

आता सेन्सरची पाळी. पण बदलायची नव्हे, विचारपूस करायची.

कूलंट सेन्सर हा तापेल तसा प्रतिकार कमी होणारा थर्मिस्टर असतो. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना तो दोन ते तीन हजार ओम दाखवतो आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास उतरतो. ईसीयू त्याला ५ व्होल्ट देतो आणि परत आलेल्या व्होल्टेजवरून तापमान ठरवतो. वायर तुटली किंवा प्लग सुटला तर ईसीयूला अनंत प्रतिकार दिसतो, म्हणजे उणे ४० अंश. असं तापमान शक्य नाही हे त्यालाही कळतं. मग तो सेन्सरवरचा विश्वास काढून घेतो, मनाने एक आकडा धरतो आणि इंजिन वाचवायला फॅन पूर्ण चालू ठेवतो. वायरी एकमेकींना किंवा बॉडीला लागल्या, तर उलट १३०-१४० अंश दिसतात आणि फॅन चालतोच.

हे सगळं पाहायला साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावून ईसीयूचे आकडे वाचणारं यंत्र) पुरतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत, इंजिन सुरू न करता, किल्ली ऑन करून तीन आकडे एका शेजारी एक वाचा: कूलंटचं तापमान, इनटेक हवेचं तापमान आणि बाहेरचं तापमान. तिन्ही जवळजवळ सारखे असायला हवेत. दोन आकडे २६ आणि २७ सांगतात आणि कूलंट ४८ म्हणतोय, तर गोम तिथेच. उणे ४० दिसलं तर सेन्सरचा प्लग काढून त्याच्या दोन पिना तारेने क्षणभर जोडा. स्कॅनरवरचा आकडा एकदम टोकाच्या गरमवर गेला, तर वायरिंग आणि ईसीयू दोन्ही ठीक आहेत, सेन्सर गेला. आकडा हललाच नाही, तर नव्या सेन्सरनेही काही होणार नाही, वायर शोधा.

ईसीयूत दोषाचे कोड साठलेले असतील तर तेही वाचा. पी०११७ म्हणजे सर्किटमध्ये व्होल्टेज फार कमी, शॉर्टच्या बाजूला. पी०११८ म्हणजे फार जास्त, तुटलेल्या बाजूला. पी०४८० आणि पी०४८१ फॅनच्या कंट्रोल सर्किटबद्दल बोलतात. पी०५३० ते पी०५३३ हा गट एसीच्या प्रेशर सेन्सरचा. पण कोडमध्ये सर्किटचं नाव असतं, खराब भागाचं नसतं. पी०११८ पाहून सेन्सर बदलणारे पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या काहींचा प्लग नुसता अर्धवट बसलेला असतो.

डॅशबोर्डवरच्या काट्यावर मात्र या कामासाठी भरवसा ठेवू नका. अनेक गाड्यांत तो मुद्दाम आळशी केलेला असतो. साधारण ७५ ते १०५ अंशांच्या मध्ये काहीही असलं तरी मधोमधच उभा राहतो, म्हणजे मालक उगीच घाबरत नाही. फॅन मात्र खऱ्या आकड्यावर चालतो.

सेन्सर खरं बोलत असेल, तर एसीचा प्रेशर सेन्सर पाहा. आर-१३४ए गॅसची गाडी थंड, बंद आणि बाहेर २५ अंश असताना यंत्रणेत साधारण साडेपाच बार दाब असतो. स्कॅनर तेव्हा पंचवीस-तीस बार दाखवत असेल, तर ईसीयू बिचारा कंडेन्सर फुटू नये म्हणून फॅन चालवतोय.

फॅन बरोबर आहे, इंजिनच गरम आहे

ही शक्यता लोकांना आवडत नाही, म्हणून मुद्दाम वेगळी काढली. गाडी लावल्यावर फॅन दर वेळी चालतो, पूर्वी कधीतरीच चालायचा, आणि स्कॅनर १०२-१०४ दाखवतोय; इथे विजेचा दोष नाही. इंजिनची उष्णता नीट बाहेर जात नाही.

थंड असताना कूलंटच्या टाकीतली पातळी पाहा. कमी असेल, तर सेन्सरच्या टोकाला कधी कूलंट लागतं, कधी वाफ, आणि तापमान उड्या मारतं. कूलंट नुकतंच बदललं असेल, तर हवा अडकलेली असू शकते. मग रेडिएटर. पुढून पाहिलेला कंडेन्सर स्वच्छ दिसतो आणि सगळे तिथेच थांबतात. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत टॉर्च मारा: किडे, धुरळा, वाळकी पानं आणि कापसासारखा मऊ थर चिकटून एक अखंड गादी झालेली असते. हवा तिच्यातून जातच नाही. पाणी इंजिनच्या बाजूने पुढच्या दिशेला, कमी दाबाने मारा. प्रेशर वॉशर जवळ नेला तर नाजूक पत्र्या मिटतात आणि होतं त्याहून वाईट होतं.

वरचा पाइप चटका देणारा आणि खालचा गार असेल, तर थर्मोस्टॅट (कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप) पूर्ण उघडत नाही किंवा रेडिएटर आतून तुंबलाय. टाकीत एकसारखे बुडबुडे येत असतील, कूलंट गळती न दिसता कमी होत असेल, तर फॅनचा विषय बाजूला ठेवा आणि हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि हेडमधलं पॅकिंग, तपासून घ्या. त्यात उशीर महाग पडतो.

दोन वेगांच्या फॅनमध्ये एक आडवाट आहे. कमी वेगाचा रेझिस्टर जळला, की फॅनचा पहिला, सौम्य वेग गायब होतो. मग तापमान थेट दुसऱ्या टप्प्यापर्यंत चढतं, फॅन उशिरा आणि एकदम गर्जत सुरू होतो आणि गाडी बंद केल्यावरही बराच वेळ चालतो. मालक सांगतो, ‘फॅन जास्त चालतो’. खरं तर तो अर्धा वेळ चालतच नसतो.

रिले परत परत का जातो

दोष हुडकण्यात खरी मजा इथे आहे. चिकटलेला रिले बदलला आणि काही महिन्यांत नवाही चिकटला, तर रिले हा बळी आहे. त्याला मारतंय कोण ते पाहा.

जुना रिले चाकूने उघडा. प्लास्टिकचं कवच सहज निघतं. चांगल्या रिलेचे पॉइंट फिकट चांदीसारखे असतात. इथे ते काळवंडलेले, एकावर खड्डा आणि दुसऱ्यावर त्याच मापाचा उंचवटा झालेला दिसेल. वितळलेला धातू एकीकडून दुसरीकडे गेलाय. कवचाची आतली बाजू तपकिरी झालेली असेल, तर पत्तीतून तिच्या ताकदीपेक्षा जास्त प्रवाह बराच काळ वाहिलाय. सॉकेटची पीन सैल पडून तापली असेल, तर तिच्याभोवतीचं प्लास्टिक वितळून रंग बदललेलं दिसतं. तसं असेल तर पीन न बदलता नवा रिले घालणं म्हणजे त्याला आयुष्य मोजून देणं.

जास्त प्रवाह बहुतेक वेळा मोटरच मागते. बुश झिजले, बेअरिंगमध्ये पाणी-माती गेली, की मोटर जड होते आणि तेवढंच फिरायला जास्त अँपिअर ओढते. सुरू होतानाचा झटका तर चालू प्रवाहाच्या दोन-तीन पट असतो, आणि पॉइंट वितळतात ते त्या झटक्याला. बॅटरी सोडून पातं हाताने फिरवा. ते सोडल्यावर जरा वेळ मोकळं फिरत राहायला हवं. खरखर लागली, अडलं, किंवा पातं आडवं-उभं हललं, तर मोटर संपत आलीय. क्लॅम्प मीटरने चालू प्रवाह मोजा. ३० अँपिअरच्या फ्यूजवरचा फॅन नुसता फिरताना २७-२८ ओढत असेल, तर रिलेला श्वास घ्यायला जागाच नाही.

दुसरं कारण साधं: चुकीचा रिले. पिना बसतात म्हणून ४० अँपिअरच्या जागी २० किंवा ३० चा बसवला जातो. वर छापलेला आकडा जुन्याशी ताडून पाहा. तपासासाठी हॉर्नचा रिले फॅनच्या जागी घालणं ठीक आहे, पण दोन्हींचा क्रमांक एकच असेल तरच, आणि तो तिथेच विसरू नका. प्रत्येक वेळी मोठा फ्यूज घालून ‘इलाज’ करणाऱ्याच्या हाती तर गाडी देऊच नये; फ्यूज वाचला की वायर जळते.

काम झाल्यावर

कोड पुसा, थंड इंजिन सुरू करा, एसी बंद ठेवून उभ्या जागी तापू द्या आणि स्कॅनरवर पाहत राहा: फॅन किती अंशांना सुरू होतो, कितीला थांबतो, पहिला वेग येतो का. मग एसी लावून पुन्हा. गाडी चालवून आणा, बंद करा, किल्ली काढा आणि फॅन किती वेळ चालतो ते घड्याळावर बघा.

शेवटी बॅटरीच्या निगेटिव्ह वायरच्या मधोमध मीटर लावून दारं लॉक करा. लावताना मीटर दहा अँपिअरच्या भोकावर ठेवा आणि दार उघडू नका, किल्ली लावू नका, नाहीतर मीटरचा फ्यूज उडेल. गाडी पूर्ण झोपायला वीस ते चाळीस मिनिटं लागतात. त्याआधीचा आकडा धरू नका. झोपल्यावर ५० मिलिअँपिअरच्या खाली आला, तर हे काम पूर्ण. फॅनचा रिले काढूनही आकडा वरच राहत असेल, तर बॅटरी दुसरं काहीतरी खातंय. मग एकेक फ्यूज काढत ते सर्किट शोधायला लागा.